छातीतला घोट

११ जाने. ४९, मंगळवार
आज पेशीत मिसल, खटल्याचे कागद, वाचता वाचता मधेच थांबावं लागलं. श्वास पुरेना. अक्षरं समोर स्वच्छ दिसत होती, आवाज निघत नव्हता. न्यायासनावरून नाझिमसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "माधवराव, बैठ के पढो." पेशकाराने बसून वाचायचं, हे आमच्या अदालतीत कुणी पाहिलेलं नाही. बसलो. डाव्या बरगडीखालून कळ निघाली ती थेट खांद्यापर्यंत. शेवटी दुसऱ्या कारकुनाने पुढचं वाचलं. त्याचे उर्दू उच्चार ऐकवेनात.
घरी सुशीलाला सांगितलं. म्हणाली, "अहो, दुपारचा डबा खाऊन लगेच उभं राहता म्हणून. वायू असेल." हिंग-ओवा दिला. ढेकर आली की बरं वाटतं. पण जेवल्यावरच का होतं हे, कळत नाही.

१४ जाने. संक्रांत
कुंदाने तिळगूळ दिला, वाकून नमस्कार केला आणि लगेच वाढदिवसाचं विचारून घेतलं. पोरगी आठाची नवाची होणार आता.
दाजी आज पुन्हा गावी परत जायचं म्हणाले. अक्का म्हणाली, "जळक्या भिंतींत चूल मांडू काय मी?" गेल्या आषाढात मी जाऊन बहिणीला आणि दाजींना परभणीकडून इथं घेऊन आलो, त्यानंतर थोड्याच दिवसांत रझाकारांनी त्यांचं घर पेटवलं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, पण छप्पर काही परत आलं नाही.
जेवण होताच आडवा झालो. छातीत डावीकडे घागर बुडवल्यासारखा आवाज. उठून बसलो, थांबला. सु.ने ऐकला. ती दिवसभर माझ्याकडे बघत होती. शेरवानी खांद्यावरून लोंबायला लागलीय, तेही तिने पाहिलंय.

१९ जाने.
नाझिमसाहेबांच्या सांगण्यावरून शहरातच हिमायतनगरला डॉ. रंगाचारींकडे. छातीचे मोठे डॉक्टर. स्वभावाने सज्जन. मशीनसमोर उभं करून फोटो काढला, मग आम्हाला बसवून ठेवलं.
ओली फिल्म खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहत राहिले. डावीकडे खाली मोठी काळी पोकळी, तिच्या तळाशी पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. "वर हवा, खाली पाणी," म्हणाले. "फुफ्फुसाच्या बाहेर साठलंय. संध्याकाळी अंग गरम होतं?" कसकस वाटते म्हटलं. "वजन उतरलंय?" सु.नेच मान हलवली.
त्यांनी सु.ला बाहेर बसायला सांगितलं. मी म्हटलं, राहू दे तिला. मग बोलले.
टी.बी.

२० जाने.
गच्चीवरची खोली मला. वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळं पांघरूण. हे सगळं सु.ने केलं. आमच्या काकूला याच रोगाने नेलं होतं, तेव्हाची रीत सगळ्यांना पाठ आहे.
कुंदाने वर यायचं नाही. तिला कारण सांगितलेलं नाही. तिने विचारलेलंही नाही, त्याचंच वाईट वाटतं.
डॉक्टरांनी अंडी सांगितली आहेत. परसात वेगळी शेगडी मांडली. अंडं उकडताना सु.ने नाकाला पदर लावला नाही. मीच लावला रुमाल.

२८ जाने.
थुंकीची दुसरी तपासणीही स्वच्छ. डॉ. रं. म्हणाले, "कधी कधी जंतू सापडत नाहीत, म्हणून ते नसतात असं नाही."
त्यांना छातीतल्या आवाजाचं सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून मला हलवलं आणि पाठीला कान लावला. आत पाणी हिंदकळलं. मलाही ऐकू आलं. "बरोबर," म्हणाले. "हवा आणि पाणी एका जागी असलं की असंच होतं." त्यांचं समाधान झालं. खरं सांगायचं तर माझंही झालं. कारण कळलं की माणूस निम्मा गप्प होतो.
फक्त एक पटत नाही. जेवणाआधी आवाज नसतो. ते पाणी जेवणापर्यंत कुठे जातं?
विचारायचं राहिलं.

३ फेब्रु.
कुंदा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून मराठीचा धडा मोठ्याने वाचते. अडली की शब्दाचा अर्थ विचारते, मी वरून सांगतो. शाळेत तिला उर्दू जास्त, मराठी घरचंच. आज "व्याकूळ" विचारला. सांगितला.
मग म्हणाली, "बाबा, माझ्या परीक्षेपर्यंत तुम्ही खाली याल?"
"बघू."
"बघू म्हणजे हौ का नक्को?"
श्वास संपला होता. हात हलवला, तो तिला दिसला नसणार.
रुखसत, म्हणजे रजा, मंजूर होऊन आली. अदालतीत आता सगळं इंग्रजीत होणार अशी कुजबुज आहे. मी उर्दू वाचणारा माणूस, माझ्या बापानेही तेच केलं. बरा होऊन परत गेलो तरी माझ्या खुर्चीपुढे काय ठेवतील देव जाणे. पण आधी बरं होण्याचं बघायचं. नाही, आधी जेवणाचं बघायचं. अन्न समोर आलं की भीती वाटते.

८ फेब्रु.
सॅनिटोरियममध्ये जागा मिळायला उन्हाळा उजाडेल. तोवर नुसतं पडून राहणं बरं नाही, असं डॉ. रं. म्हणतात. सुईने छातीतलं पाणी काढायचं, मग पुढचे उपचार. गुरुवार ठरवला होता, पण त्यांचे थोरले भाऊ मद्रासला अत्यवस्थ आहेत, ते आजच निघाले. जाण्यापूर्वी घरी येऊन गेले. "माझे मित्र आहेत, अफझलगंजच्या मोठ्या दवाखान्यातले सर्जन, डॉ. सरवर. माझ्या जागी ते येऊन सुई घालतील. हात फार हलका आहे."
ते गेल्यावर दाजी अंगणातून म्हणाले, "दुसरं कुणी मिळेना का?" अक्काने त्यांना आत बोलावून घेतलं.

१० फेब्रु. गुरुवार
आजचं नीट लिहून ठेवतो.
चक्कर येईल म्हणून सु.ने निघताना बळेच उपमा खायला लावला. हिमायतनगरला पोचलो तर डॉ. सरवर आधीच आलेले. उंच, कानशिलं पांढरी, बोलणं मोजकं. कंपाउंडरने तबकात सुई काढून ठेवली होती. गोणी शिवायच्या दाभणाएवढी. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिकडेच बघत राहिलो.
डॉ. रं.नी परवा जाताना पाठीवर शाईने खूण करून ठेवली होती. सुई घालायची जागा. डॉ. स.नी हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. मग बोटाने ठोकत ठोकत खुणेपाशी आले, थांबले. पुन्हा वरून सुरुवात केली. पुढे आले, छातीवर ठोकलं. उजवीकडे सरकले. स्वतःशीच म्हणाले, "दिल इधर कैसे आ गया?"
मग नळी लावून ऐकत बसले. माझी पाठ अवघडली, तरी हलू नका म्हणाले.
"नाश्ता किए?"
"जी, उपमा."
"ये आवाज रोज रहती?"
"खाने के बाद, साहब. भूखे पेट नहीं रहती."
"रंगाचारीसाब को बोले ये?"
आवाजाचं बोललो होतो, भुकेचं राहिलं होतं, असं सांगितलं.
त्यांनी कंपाउंडरकडून पेलाभर पाणी मागवलं. मला वाटलं स्वतःसाठी. पेला माझ्या हातात दिला. "मैं बोलूँ तब एक घोट. एकच." नळी पाठीला लावली, डावीकडे, बरगड्यांवर. घोट घेतला. "और एक." घेतला. "और एक."
मग नळीची टोकं स्वतःच्या कानातून काढून माझ्या कानात घातली. "अब खुद सुनो."
गिळलं. क्षणभर काही नाही. मग आत, पाठीमागे, जिथे फुफ्फुस असतं म्हणतात तिथे, रिकाम्या हंड्यात पाणी पडावं तसं ते पडलं. मी प्यायलेलं पाणी. मला माझ्याच छातीत पडताना ऐकू आलं.
डॉक्टरांनी तबकावर कापड टाकलं. कंपाउंडर बघतच राहिला.
"सुई आज नहीं लगेगी," म्हणाले. "ये फेफड़े का पानी नहीं. मेरे को लगता ये आपका मेदा है. पेट में रहना सो छाती में जा के बैठा."
मेदा म्हणजे जठर. मला समजेना. जठर छातीत कसं जाईल, मधे पडदा असतो ना. "वही तो," म्हणाले. "पड़दा कहीं फटा है. कभी गिरे? मार लगा?"
लहानपणी चिंचेवरून पडलो होतो, ते सांगितलं. "नहीं, हाल में." हाल में काही नाही.
सु. कोपऱ्यातून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मग तो रोग?" मराठीतच बोलली. त्यांना कळलं. म्हणाले, फोटो काढल्याशिवाय बोलणार नाही, सोमवारी मोठ्या दवाखान्यात आणा. "मगर माँ, मेरे को टी.बी. नहीं लगता."
सुई घातली असती तर काय झालं असतं, हे मी विचारलं. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, सु.कडे पाहिलं आणि हात धुवायला गेले.
परत येताना सायकल-रिक्षात सु.ने माझा हात धरला तो गवळीगुडा येईपर्यंत सोडला नाही. भर रस्त्यात. लग्नाला अकरा वर्षं झाली, असं कधी केलेलं नाही तिने.

११ फेब्रु.
दाजी वर आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. उंबऱ्यात उभे राहिले. "माधवा, सुशीला सांगत होती. डॉक्टरने पडलास का विचारलं, तर नाही म्हणालास?"
"नाहीच पडलो."
"बंडी विसरलास?"
आणि मग सगळं आठवलं. आषाढात त्यांना आणायला गेलो तेव्हा, स्टेशनाकडे येताना नाल्यात बैलांची बंडी पालथी झाली होती. मी खाली, जू पोटावर आडवं. दाजी आणि त्यांच्या गड्याने मिळून उचललं. तोंड काळंनिळं पडलं होतं म्हणे. अक्काने जुनं लुगडं फाडून छाती-पोट करकचून बांधलं, आणि तसाच काचीगुड्यापर्यंत बसून आलो. मागे गावात काय चाललंय याच्या बातम्या डब्यात कानावर येत होत्या. बरगड्यांचं कोण मनावर घेतो. महिन्याभरात दुखायचं थांबलं, डोक्यातूनही गेलं.
दाजी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. "माझ्या बंडीखाली आलास."
मी म्हटलं, बंडी तुमची, पण उलटवली नाल्याने. ते ऐकत नाहीत.

१४ फेब्रु. सोमवार
अफझलगंजच्या दवाखान्यात. डॉ. स. लाल काचांचा चष्मा घालून बसलेले, अंधारात डोळ्यांना दिसावं म्हणून आधीपासून घालून ठेवतात. त्या चष्म्यात मोहरमच्या सोंगासारखे दिसत होते. हसू आलं, दाबलं.
अंधारी खोली. थंड पाट्यापुढे उभं केलं. हातात पेला, त्यात खडू कालवल्यासारखं दाट पांढरं. "पीओ." चव मातीची. पडद्यावर हिरवट उजेड, त्यात माझ्या फासळ्या. डॉ. स. बोटाने दाखवत होते, मी मान वळवून बघत होतो. त्या पांढऱ्याची काळी सावली घशातून खाली उतरली, पोटाच्या दारापर्यंत गेली, आणि तिथून उलटी वळून वर चढली. डावीकडे छातीत जाऊन मशकीसारखी फुगली. हृदयाला बाजूला रेटून बसलेली. हृदय उडताना दिसत होतं, बिचारं अंग चोरून.
"देखे?"
"देखा."
"फेफड़ा साफ है. दब गया है, बीमार नहीं."
दोनदा म्हणायला लावलं मी त्यांना. दुसऱ्यांदा उजेड लावून म्हणाले.
सु. बाहेर बाकावर होती. तिला सांगायला गेलो तर माझ्या ओठांवर तो पांढरा लेप, तिला वाटलं काही भलतंच झालं. सांगितलं. खाली मान घालून बसली. मग पदराच्या टोकाने माझं तोंड पुसलं, घासून घासून, कुंदाचं पुसते तसं.

१५ फेब्रु.
खाली आलो. वेगळं ताट सु.ने बोहारणीला देऊन टाकलं. शेगडी दाजींनी फोडली, विचारलंही नाही कुणाला.
कुंदा शाळेतून आली. मी ओसरीवर बसलेला. दारातच थबकली. "हात लावू का?" एवढंच विचारलं. मग येऊन मांडीवर बसली, मोठी झाली तरी. छाती दुखली. उठवलं नाही.
दुपारभर झोपलो. उशांचा ढीग करून, टेकून. आडवं झोपायचं नाही, थोडं थोडं खायचं, असं डॉ. स.नी सांगितलंय. शेजारपाजारचे डोकावून जातात. अक्का प्रत्येकाला अंगणातच सांगते, "तो रोग नाही हो, पोट सरकलंय नुसतं." नुसतं. ऐकणारे हसतात. मीही हसतो. आज मला कुणी काहीही म्हणावं.

१९ फेब्रु.
डॉ. रंगाचारी परत आले. भाऊ गेले त्यांचे. डोकं भादरलेलं, तसेच स्टेशनावरून घर गाठून, आंघोळ करून इकडे आले. डॉ. स.नी नवी फिल्म त्यांच्याकडे पाठवली होती. ती काखेत घेऊनच आलेले.
"मी त्या जागी खूण केली होती," म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, तुम्ही स्वतः मित्राला बोलावलंत म्हणून तर वाचलो. म्हणाले, "मी विचारायला हवं होतं, कधी होतं, कशाने होतं. पाणी हिंदकळलं आणि मी पुस्तकातलं पान उघडून मोकळा झालो." मग तरुण मुलासारखे फिल्म उजेडात धरून मला दाखवायला लागले. इतक्या वर्षांत असं पाहिलेलं नाही म्हणे. विद्यार्थ्यांना दाखवायची परवानगी मागितली. दिली. माझं जठर आता शिकवायला जाणार. मी नाही, तर ते तरी इंग्रजीत वाचलं जाईल.

२७ फेब्रु. रविवार
चूक माझीच. सु.ने पुरणपोळ्या केल्या, आनंदाने खाल्ल्या. दुपारी छातीत कुणी पिळा घालावा तशी कळ. उलटीचे उमाळे येत होते, पडत काही नव्हतं. घाम. कुंदाला अक्काने शेजारी नेलं. दाजींनी रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं एवढं आठवतं.
डॉ. स. रविवार असून आले. नाकातून रबरी नळी घातली. आत पोचायला अडत होती. मग एकदम हवा सुटली, सायकलच्या ट्यूबमधून सुटते तशी, आणि कळ उतरली. पुन्हा माणसात आलो.
त्यांच्या कपाळावरही घाम होता.

१ मार्च
अजून दवाखान्यातच. डॉ. स. खाटेवर बसून बोलले. जठर छातीत जाऊन पिरगळलं होतं. या वेळी सुटलं. पुढच्या वेळी सुटेल की नाही, सांगता येत नाही. ते खाली ओढून पडदा शिवायला हवा.
"आप ये ऑपरेशन किए कभी?"
"एक बार. लड़ाई में, बर्मा में. एक सिपाही का."
"वो...?"
"हौ, जिया. ख़त आता उसका." मग म्हणाले, "मद्रास जाना है तो चिट्ठी देता. वहाँ ज़्यादा किए होंगे."
सु.ने त्यांना थेट विचारलं, की तुमच्या घरचा माणूस असता तर? ते नळी गुंडाळायला लागले. म्हणाले, रेल्वेत रात्रभर हिसके बसणार, तेवढ्यात पुन्हा पिरगळलं तर डब्यात नळी घालायला कोण असेल.
मग निघताना, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं, सांगितलं. त्यांचा भाऊ कराचीला गेलाय. यांनाही बोलावतोय. अजून काही ठरलं नाही. "इसलिए करना है तो जल्दी."

३ मार्च
काल घरी सोडलं. घरात बोलाचाली. दाजी म्हणाले, "मद्रासला जा. मी येतो बरोबर. पण त्यांच्या हातात सुरी देऊ नकोस."
"त्यांच्याच हातात सुई होती दाजी. खाली ठेवली त्यांनी."
"ते ठीक. माझं घर ज्यांनी..." आवाज फुटला. कुंदा बघत होती.
सु. मधे पडली. शांतपणे म्हणाली, "दाजी, मी नवऱ्याला त्यांच्याकडे सोपवणार आहे. तुम्ही जवळ असलात तर मला बरं वाटेल."
दाजी उठून गेले. जेवायला आले नाहीत. त्यांचंही चुकतं असं मला म्हणवत नाही. जळलेलं घर मी पाहिलेलं नाही, त्यांनी नंतर जाऊन पाहिलंय.

६ मार्च
तपासणीला गेलो. दाजी आपणहून बरोबर आले. डॉ. स.ना अपघाताचं तोंडी ऐकायचं होतं. जू कसं पडलं, कुठून, किती वेळ. दाजींना दख्खनी बरी येते, सगळं सांगितलं. गाव विचारलं. दाजींनी नाव सांगितलं, आणि मुद्दाम, डोळ्यांत बघून, घर जाळल्याचंही सांगितलं.
डॉ. स. लिहायचे थांबले. "मेरे ससुराल वाले भी उसी तरफ के थे," म्हणाले.
दाजी म्हणाले, "थे?"
"सितंबर तक थे."
मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसलो. डॉक्टरांनी पुन्हा टाक उचलला. "तो जुआ बाईं बाज़ू पे आया, या बीच में?"
"बाईं," दाजी म्हणाले. आणि उठून, माझ्या पोटावर हाताचा आडवा पंजा ठेवून, नेमकं दाखवलं.
घराजवळ आल्यावर दाजी म्हणाले, "कधीचं ठरलंय?"

१२ मार्च
ऑपरेशन गुरुवारी. रक्त देणारी माणसं हवीत. दाजी बाही वर करून सर्वांत पुढे. त्यांचं रक्त जुळलं नाही. इतका अपमान त्यांना वाटला की बाहेर जाऊन बसले, "तपासणाऱ्याला कळत नाही" म्हणाले. जुळलं सु.चं. डॉ. स. म्हणाले, तुम्ही अशक्त आहात, दुसरं कुणी बघू. सु.ने हात पुढे केला तो मागे घेतला नाही. डॉ. रं.चंही जुळलं. त्यांनी आपल्या कंपाउंडरला आणि दोघा विद्यार्थ्यांनाही आणलं होतं.
अदालतीतून नाझिमसाहेब येऊन गेले. जाताना म्हणाले, "माधवराव, जल्दी आओ. वो जो अब पढ़ता है ना, उसको सुन के मुक़द्दमे वाले भी रोते." हसलो. छातीत दुखलं, तरी हसलो.

१६ मार्च, बुधवार. वॉर्ड
खिडकीतून नदी दिसते. पाणी थोडं, धोबी बरेच.
सकाळपासून नुसती पेज, आता तीही बंद. भूक लागलीय. ती नेमकी पोटात लागते की छातीत, हे लक्ष देऊन पाहिलं. सांगता येत नाही. सु.ला सांगितलं तर ती हसली आणि मग तोंड फिरवून बसली. तिच्या कोपराच्या खळीत सुईचा डाग आहे.
भीती आहेच. पण गच्चीवरच्या खोलीतली नाही ती. तिथे मी रोज थोडा थोडा संपत होतो, आणि माझ्यापासून सगळ्यांना वाचवायचं होतं. इथे एक फाटलेली जागा आहे, ती शिवायची आहे. कुंदा दुपारी येऊन गेली, माझ्या पांघरुणात शिरून बसली होती, नर्सने रागावून काढली.
संध्याकाळी डॉ. स. आले. तळवे चोळून गरम केले, डावीकडे बरगडीवर शाईने रेघ ओढली. दोन बोटांनी पुन्हा मोजून पाहिली. उद्या भूल देताना नळीने श्वास देणारे नवे डॉक्टर असतील, डॉ. रं.ही उभे राहणार आहेत, असं सांगितलं.
मी विचारलं, "कराची का क्या हुआ, डॉक्टरसाब?"
पेनाचं टोपण लावत म्हणाले, "टाँके निकालने तक हूँ, माधवराव. आगे का मेरे को भी नहीं मालूम."
जाताना बाहेरच्या बाकापाशी थांबले. दाजी तिथे दुपारपासून बसून आहेत. उठायला लागले, तर डॉक्टरांनी हाताने बसवलं आणि शेजारी स्वतःही बसले. दाराच्या काचेतून दोघांच्या पाठी दिसतात. दाजी हात हलवून काहीतरी सांगतायत, डॉक्टर मान डोलावतायत. मग डॉक्टर बोलायला लागले. काय ते इथून ऐकू येत नाही. दिवे मालवायचेत, नर्स पेन मागतेय.